विमानतळाचा विस्तार, ओढे आणि पाणथळी: ईआयए अहवालातलं पाण्याचं प्रकरण कसं वाचायचं?

खाडीकाठ

विमानतळाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल (पुढे नुसतं ईआयए म्हणू) हातात आला की लोक आधी आवाजाचं प्रकरण उघडतात, मग तोडायच्या झाडांचा आकडा शोधतात. पाण्याचं प्रकरण चाळून बाजूला पडतं, आणि पुढे गावात पाणी शिरतं ते त्यातल्याच चुकांमुळे. म्हणून हा धागा फक्त ओढे, नाले, खाजणं आणि पाणथळींपुरता. भूसंपादन, मोबदला यावर कृपया इथे नको, त्याला वेगळा धागा काढा.

सुरुवात माझ्या मते सगळ्यात मोठ्या भोकापासून करतो. अशा प्रकल्पांना जी कार्यकक्षा (टीओआर) मिळते तिच्यात साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाच्या पायाभूत नोंदी चालतात. सल्लागार मग डिसेंबर ते फेब्रुवारी धरतो, नाहीतर मार्च ते मे. कोकणातला व्हाळ (ओढा) तेव्हा एकतर आटलेला असतो किंवा डबक्यांत तुटलेला. अहवालात वाक्य येतं, 'प्रकल्पक्षेत्रात बारमाही प्रवाह आढळला नाही.' वाक्य खरं, पण त्यावरून पुढे जे काढतात ते खोटं. जुलैत त्याच व्हाळातून जाणारं पाणी भरावाला अडणार आहे, आणि त्याची एकही मोजणी अहवालात नसते. बाकीच्या त्रुटी बहुतेक याच एका गोष्टीतून उगवतात.

नवी मुंबई विमानतळाचं उदाहरण पाण्याच्या अंगाने बघा. २२ नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरी, क्षेत्र ११६० हेक्टर. जागा पनवेल खाडीच्या काठची. कडेला गाढी नदी, जागेतून जाणारी उलवे नदी, भरतीचा पट्टा, तिवरं (खारफुटी), आणि सुमारे ९० मीटरची उलव्याची टेकडी. टेकडी फोडायची, तिच्याच दगडाचा भराव करायचा, उलवे नदीला नवं पात्र द्यायचं, आणि सुमारे ९८ हेक्टर तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे तिवरांची राई राखायची (त्यात वाघिवलीचे २४५ हेक्टर) असा तो सौदा होता. भराव चढू लागल्यावर त्याला लागून असलेल्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरायला लागलं. अशा ठिकाणी कामाचा क्रम निर्णायक ठरतो. आधी नवं पात्र पूर्ण लांबीत खोदून, त्याचं खाडीकडचं तोंड मोकळं करून, मगच जुनं पात्र बुजवायचं. हे सगळं ३१ मेच्या आत. अहवालातल्या कामाच्या वेळापत्रकात हा क्रम लिहिलेला आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. बहुधा तिथे 'भराव व सपाटीकरण: २४ महिने' अशी एकच पट्टी असते.

जाणकारांनी भर घालावी. आकडेमोड, भरतीचं गणित आणि कायदा या तिन्हींवर.

जलमापक

चांगला धागा. आकडेमोडीचं मी घेतो.

छोट्या ओढ्यांसाठी अहवालात बहुतेक वेळा 'रॅशनल' सूत्र असतं. प्रवाह (घनमीटर/सेकंद) = वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) × पावसाची तीव्रता (मि.मी./तास) × पाणलोट (हेक्टर) ÷ ३६०. पाचवीतला गुणाकार आहे, घाबरायचं कारण नाही.

समजा धावपट्टीच्या वरच्या अंगाला १०० हेक्टर पाणलोट आहे. आज तिथे गवत आणि भातशेती, गुणांक ०.४. पाऊस ताशी १०० मि.मी. धरला तर ११.१ घनमीटर/सेकंद. उद्या तिथे एप्रन (विमानं उभी करायची जागा), टॅक्सीवे (धावपट्टीकडे जायचा विमानांचा रस्ता), वाहनतळ झाले, गुणांक ०.८५. त्याच पावसात २३.६. इथपर्यंत अहवाल येतो आणि थांबतो. पण काँक्रीटवरून पाणी लवकर पोचतं, म्हणजे पाणलोटाचा केंद्रीकरण काळ (लांबच्या टोकाचं पाणी खालच्या तोंडाशी पोचायला लागणारा वेळ) घटतो. काळ घटला की तक्त्यातून तीव्रता जास्त उचलावी लागते, कारण अर्ध्या तासाचा पाऊस तासाभराच्या सरासरीपेक्षा जोरकस असतो. ती १०० ची १३० धरली तर प्रवाह ३०.७. म्हणजे मूळच्या पावणेतीनपट. तीव्रता आधी आणि नंतर तीच ठेवलेली दिसली की समजा, गणित अर्धवट आहे.

आता मोरी. ३ मीटर रुंद, २ मीटर उंच अशी एक पेटी म्हणजे ६ चौरस मीटर. २.५ मीटर/सेकंद वेगाने १५ घनमीटर जाईल. तीन पेट्या टाकल्या तर ४५, कागदावर भरपूर. पण प्रत्येक पेटीत ६० सेंमी गाळ बसला की उरतात १.४ मीटर, म्हणजे तिन्ही मिळून ३१.५. गरज ३०.७ ची. एका पेटीच्या तोंडाशी एक उपटलेलं झाड आडवं झालं की खेळ खलास. म्हणून विचारायचे प्रश्न असे: गाळ धरून हिशेब केलाय का? मोरीच्या वरच्या तोंडाला कचरा अडवणारी जाळी कुठे, आणि ती भर पावसात साफ करायला यंत्र पोचेल असा रस्ता आहे का? आणि मोरी भरून वाहिली तर जादा पाणी कोणत्या बाजूला जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अहवालात नसतं, कारण ती बाजू म्हणजे बहुधा गाव.

तीव्रतेचा आकडा कुठून घेतलाय तेही बघा. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मि.मी. धरून बांधलेली होती. ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेच्या) अहवालाने १९९३ मध्ये ५० ची शिफारस केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मि.मी. झाला, आणि दुपारी एका तासात १९० च्या आसपास. 'गेल्या १० वर्षांची सरासरी' हा शब्दप्रयोग मोरीच्या हिशेबात आला तर लाल शाईने गोल करा. सरासरीने मोरी ठरत नाही. ५० किंवा १०० वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरावा लागतो, तोही एका तासाचा आणि पंधरा मिनिटांचा.

बांधउघाडी

जलमापक यांच्या गणितात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे खालचं तोंड मोकळं आहे. खाडीकाठी ते दिवसातून दोनदा बंद होतं.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजपट्टीच्या शून्याचा. भरतीच्या तक्त्यात '४.८ मीटर' लिहिलेलं असतं ते चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांचा शून्य, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी). अहवालातल्या जमिनीच्या पातळ्या असतात समुद्रसपाटीपासून. मुंबईत समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती ही जमिनीच्या भाषेत २.३ मीटर. कोणी दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना केली, तर एकतर उगाच घाबरवतो किंवा उगाच निर्धास्त करतो. अहवालाच्या प्रत्येक पातळीपुढे कुठून मोजली ते लिहिलेलं हवं. नसेल तर लेखी विचारा.

दुसरं, उधाणाच्या भरतीत मोरीचं खालचं तोंड पाण्याखाली किती तास राहतं? झडपा (फ्लॅप गेट) असतील तर त्या काळात आतलं पाणी आतच. तेवढ्या तासांचा पाऊस साठवायला जागा लागते. नवी मुंबईत सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव केले ते याचसाठी. भरतीला झडप बंद, पाणी तलावात, ओहोटीला झडप उघडी. कल्पना उत्तम, पण झडपेतून गाळ आत येतो, गाळावर तिवरं उगवतात, आणि एकदा तिवरं उगवली की उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय गाळ काढता येत नाही. तलावाची खोली दरवर्षी घटते. विमानतळाच्या अहवालात 'पावसाचं पाणी विद्यमान धारण तलावात सोडण्यात येईल' असं वाचलं तर पहिला प्रश्न हाच: आज त्या तलावात घनमीटर किती उरलेत? मंजुरीच्या वेळचा नकाशावरचा आकडा चालणार नाही, या वर्षीची खोली मोजलेली हवी.

साठवणीचा ढोबळ हिशेब: १०० हेक्टर, ताशी ५० मि.मी., ३ तास तोंड बंद, गुणांक ०.८५. म्हणजे १,२७,५०० घनमीटर. दीड मीटर खोलीचा तलाव धरला तर साडेआठ हेक्टर लागतील. नकाशात तेवढी निळी जागा दाखवा म्हणावं.

आणि खार जमिनींचे जुने बांध व उघाड्या (बांधातली पाणी सोडायची दारं) विसरू नका. भरावाने खाडीचं पसरायचं क्षेत्र कमी झालं की समोरच्या काठाच्या बांधावर पाणी चढतं. ते गाव प्रकल्पक्षेत्रात नसतं, त्यामुळे अहवालातही नसतं.

पागोळी

धागा वाचतेय. एक अडाणी प्रश्न. ओढा धावपट्टीखालून बंद मोरीतून नेला तर बिघडतं नक्की काय? मिठी नदी मुंबई विमानतळाखालून जातेच ना?

जलमापक

जाते, आणि म्हणूनच ते उदाहरण म्हणून वापरू नये. मिठी तिथे काटकोनात वळवलेली आणि आवळलेली आहे. २००५ च्या पुरानंतर नेमलेल्या चितळे समितीच्या अहवालात त्या वळणांची चर्चा आहे. काटकोनी वळणावर पाण्याची उर्जा मरते, वेग पडतो, गाळ बसतो, वरच्या अंगाला पातळी चढते.

अडचण आणखी एक. धावपट्टीभोवतीची पट्टी (रनवे स्ट्रिप) मोठ्या विमानतळावर मध्यरेषेपासून दोन्हीकडे १४० मीटर, म्हणजे २८० मीटर रुंद. तिच्यात उघडा नाला चालत नाही, विमान घसरलं तर चाक अडकेल. शेजारी टॅक्सीवे आला की मोरी आणखी लांबते. इतक्या लांब अंधाऱ्या पेटीत मधोमध गाळ बसला तर काढायला माणूस किंवा छोटं यंत्र आत घालावं लागतं, तेही वर विमानं चालू असताना. तपासणीसाठी मधे उतरायची तोंडं (मॅनहोल) पट्टीच्या बाहेरच ठेवावी लागतात. म्हणजे सगळ्यात जास्त गाळ जिथे बसतो तिथे सगळ्यात कमी पोचता येतं. माशांचंही तसंच. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे वर जातात, ते गुळगुळीत काँक्रीटच्या तळावरून वेगाविरुद्ध चढत नाहीत. तळाची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा ३० सेंमी खाली ठेवली आणि त्यात नैसर्गिक दगडगोटे भरले तर फरक पडतो. मात्र हे ३० सेंमी हिशेबातून वजा करायचे!

मुंबईच एकटी नाही. चेन्नईची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरच्या पुलावरून जाते. डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ काही दिवस बंद होता. कोचीची धावपट्टी चेंगल तोड या ओहोळावर आडवी आहे. पेरियार नदीच्या पुरात तो विमानतळ १५ ऑगस्ट २०१८ ला बंद पडला आणि २९ ऑगस्टला पुन्हा सुरू झाला. विमानतळवाल्यांना हा युक्तिवाद कळतो. ओढ्याची काळजी त्यांना नसेल, धावपट्टी बुडण्याची असते.

धावपट्टी ०८-२६

दुसरी बाजू मांडतो, नाहीतर धागा एकसुरी होईल.

धावपट्टीची दिशा वाऱ्याने ठरते. ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहील अशीच दिशा घ्यावी लागते. लांबी विमानाने आणि तापमानाने ठरते. पुढे सुरक्षा क्षेत्र २४० मीटर. ओढा मधे आला म्हणून धावपट्टी वाकवता येत नाही. त्यामुळे 'पर्यायी जागा का बघितली नाही' असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं.

विचारायचंच तर जिथे खरंच लवचिकता आहे तिथे विचारा. समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर घ्या. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र उतरण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १०३५ मीटर, एकमेकांवर अवलंबून (आळीपाळीने) उतरण्यासाठी ९१५, स्वतंत्र उड्डाणांसाठी ७६०. नवी मुंबईत हे अंतर आधी १८०० होतं. मंजुरीच्या वाटाघाटीत ते सुमारे १५५० वर आणलं आणि गाढी नदी वळवायची गरजच उरली नाही. अडीचशे मीटरमध्ये अख्खी नदी वाचली. टर्मिनल, मालवाहतूक, इंधन साठा, वाहनतळ, हॉटेल यांची जागा तर पूर्णपणे हलवता येते. आराखड्यात व्यापारी संकुल ओढ्यावर आणि मोकळं हिरवळ क्षेत्र उंचावर दिसलं तर बोट ठेवा. तिथे अभियंत्याला बोलायला जागा नसते.

विस्ताराच्या बाबतीत अजून एक. तुकड्या पाडून प्रस्ताव येतात. आधी टर्मिनल, मग एप्रन, मग समांतर टॅक्सीवे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर विमानतळाचं क्षेत्र न वाढवता केलेल्या टर्मिनल विस्ताराला पूर्वमंजुरीतून सूट आहे. क्षेत्र तेच राहतं पण काँक्रीट वाढतं, म्हणजे गुणांक वाढतो आणि कोणी विचारत नाही. कागदोपत्री सगळं नियमात.

कलम सोळा

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण पायऱ्या चुकल्या की चांगला मुद्दाही वाया जातो.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेत विमानतळ ७(अ) मध्ये, वर्ग 'अ'. म्हणजे मंजुरी केंद्राची. क्रम असा: फॉर्म १ भरून परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरी पोर्टलवर अर्ज, कार्यकक्षा, मसुदा अहवाल, जनसुनावणी, अंतिम अहवाल, तज्ज्ञ मूल्यांकन समिती, मंजुरी.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. किमान ३० दिवस आधी जाहिरात, एक राष्ट्रीय दैनिक आणि एक स्थानिक भाषेतलं. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र इथे बघायला ठेवावा लागतो. मराठी सारांश बंधनकारक. सारांश २० पानांचा आणि पाण्यावर अर्धं पान, हे नेहमीचं. मूळ इंग्रजी अहवालाचे जलशास्त्राचे परिशिष्ट मागा.

सुनावणीत घोषणा देऊन काही होत नाही, इतिवृत्तात काय नोंदवलं जातं ते महत्त्वाचं. म्हणून लेखी निवेदन दोन प्रतींत, एकीवर पोच. मुद्द्याला परिच्छेद क्रमांक आणि अहवालातला पान क्रमांक. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, तोपर्यंत सभागृह सोडू नका. मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगून घालून घ्या. सुनावणीनंतर आठ दिवसांत कागद पुढे जातात.

'पाणथळ' शब्द जपून वापरा. २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीपात्र, भातखाचरं, पिण्यासाठी, सिंचनासाठी, मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी केलेले जलाशय येत नाहीत, आणि सीआरझेडमधल्या जागाही वगळल्या आहेत. तुम्ही मिठागराला पाणथळ म्हणालात की समोरचा वकील एका वाक्यात उडवतो. मात्र राष्ट्रीय पाणथळ नकाशासंचातल्या २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे, तेव्हा आधी तुमची जागा त्या नकाशात आहे का बघा. खाडीकाठी असाल तर सीआरझेड आणि तिवरं हा जास्त पक्का आधार. तिवरांचं क्षेत्र १००० चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती ५० मीटर पट्टा. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल तिवरांबाबत स्पष्ट आहे. भरतीरेषा १:४००० च्या नकाशावर आणि अधिकृत संस्थेने आखलेली हवी.

मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित लवादात अपील ३० दिवसांत. कारण पटलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. पश्चिम खंडपीठ पुण्यात. नंतरचं शस्त्र म्हणजे सहामाही अनुपालन अहवाल, १ जून आणि १ डिसेंबर.

कातळसडा

गोव्यातल्या मोपा विमानतळाचा उल्लेख कसा नाही अजून? 'एका हंगामाच्या नोंदी' आणि 'फॉर्म १' या दोन्हीसाठी तो निकाल पाठच करायला हवा.

पेडणे तालुक्यातला मोपा म्हणजे जांभ्या दगडाचा सडा (पठार). वरून बघितलं तर उन्हाळ्यात करपलेलं गवत आणि कातळ, कोणीही 'पडीक' लिहील. पाऊस त्या जांभ्याच्या भेगांतून आत उतरतो, खाली चिकण थर लागला की आडवा सरकतो आणि सड्याच्या पायथ्याशी झरी म्हणून फुटतो. कुळागरं (सुपारीच्या बागा), भातं, पिण्याचं पाणी त्यावर. सडा काँक्रीटखाली गेला की पायथ्याला दोन गोष्टी एकदम होतात. जुलैत लोंढा आणि मार्चमध्ये झर कोरडी. अहवालाने भूजल म्हणून सड्यावर एक-दोन विंधनविहिरी दाखवल्या तर त्याचा उपयोग नाही. मोजायची असते ती पायथ्याची झर.

प्रकल्पाला ऑक्टोबर २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितलं. कारणांतलं एक फॉर्म १. त्यात १५ किलोमीटर परिघातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जागा विचारतात, आणि उत्तरं अपुरी होती. अधिसूचनेच्या परिच्छेद ८(६) प्रमाणे माहिती जाणूनबुजून दडवली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरी रद्द होऊ शकते. मोपा महाराष्ट्राच्या सीमेला चिकटून आहे, त्यामुळे परिघात सिंधुदुर्गही येतो. पाण्याला राज्याची हद्द कळत नाही, फॉर्म भरणाऱ्याला फार कळते.

१६ जानेवारी २०२० ला स्थगिती उठली, जादा अटी लागल्या आणि त्यांच्या अंमलबजावणीवर देखरेख नीरीकडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आली. विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. म्हणजे प्रकल्प थांबला नाही. पण समितीने मंजुरी देताना कारणं लिहिलीच पाहिजेत, नुसतं 'चर्चा झाली, शिफारस केली' चालणार नाही, हे त्या निकालाने पक्कं झालं. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त परिवेशवर असतं. तुमच्या सुनावणीतला मुद्दा त्यात उत्तरासह आलाय का, ते तपासा.

तुतवार

पक्ष्यांचं थोडं.

विमानतळ आणि पाणथळ यांचं भांडण दुहेरी आहे. पाणथळ बुजवली तर पक्षी जातात कुठे? चिखलपट्टीवर ओहोटीला चरणारे किनारी पक्षी भरतीला उथळ, मोकळ्या जागी येऊन बसतात. एनआरआय, टी. एस. चाणक्य, पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या नवी मुंबई-उरणमधल्या त्या जागा. त्या गेल्या तर जवळचं मोकळं मैदान म्हणजे धावपट्टी. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हा धोका नवी मुंबईच्या बाबतीत मांडलेला आहे. म्हणजे पाणथळ राखणं हा विमानसुरक्षेचा मुद्दा होतो, आणि तो नुसत्या 'निसर्ग वाचवा'पेक्षा समितीपुढे जास्त चालतो. २० मे २०२४ ला घाटकोपरला विमान रोहितांच्या (फ्लेमिंगो) थव्यात घुसलं, चाळिसेक पक्षी मेले. तो प्रसंग अजून सगळ्यांना आठवतो.

अहवालातली पक्षीगणना तपासताना तारखेपुढे भरतीची वेळ आणि उंची लिहिलीय का बघा. उधाणाच्या भरतीच्या आधी आणि नंतर दोन तास मोजलं तरच थवे दिसतात. भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवशी, भर ओहोटीत, दुपारी बारा वाजता मोजलं तर 'बगळा २, कावळा ११' एवढंच मिळणार. हिवाळी पाहुण्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च, रोहितांसाठी मेपर्यंत. यादीत शास्त्रीय नावं एका जुन्या अहवालाशी स्पेलिंगच्या चुकांसकट जुळली तर काय समजायचं ते समजा.

सिअ‍ॅटलवासी

इथलं उदाहरण देतो, कारण प्रश्न तोच आणि उत्तरं थोडी वेगळी. सी-टॅकची (सिअ‍ॅटल-टॅकोमा विमानतळ) तिसरी धावपट्टी २००८ मध्ये सुरू झाली. जागा पठाराच्या कडेवर, खाली मिलर, वॉकर आणि डे मॉइन हे ओहोळ, त्यांत सॅमन. प्रचंड भराव, उंच धारक भिंती, मिलरचा एक तुकडा हलवला, पाणथळी बुजवल्या.

तुमच्या उपयोगाचे तीन मुद्दे. पहिला, भरावाची माती. बाहेरून आणलेल्या मातीत दूषित द्रव्यं किती चालतील यावर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण सुनावणी मंडळापुढे २००२ मध्ये मोठी लढत झाली आणि २००४ मध्ये प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिकडे कोणी भरावाची माती तपासायला सांगतं का? दुसरा, उन्हाळ्यातला किमान प्रवाह. काँक्रीटमुळे ओहोळ उन्हाळ्यात आटणार हे मान्य करून, पावसाचं पाणी भूमिगत टाक्यांत राखून कोरड्या महिन्यांत ओहोळात सोडायची अट होती. कातळसडा म्हणतात त्या झरीला हेच लागू आहे. तिसरा, बदली पाणथळ विमानतळाशेजारी न करता काही मैल दूर ऑबर्नला केली, कारण अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचा दंडक जेट विमानतळापासून १०,००० फुटांच्या आत पक्षी ओढणारं पाणी नको असा आहे. साठवण तळीसुद्धा पावसानंतर ४८ तासांत रिकामी झाली पाहिजेत. पक्ष्यांना बरं झालं, पण ओहोळाची गेलेली पाणथळ दुसऱ्या पाणलोटात भरून निघत नाही. 'बदल्यात' म्हणून दाखवलेली जागा त्याच ओढ्यावर आहे का, हे जरूर विचारा.

खाडीकाठ

मातीचा मुद्दा इथे सहसा कोणी काढत नाही. बांधकामाचा राडारोडा भरावात जातो आणि तळातून झिरपणारं पाणी खाडीत. अग्निशमन सरावाच्या फेसाचंही तेच. सरावाच्या खड्ड्याचं पाणी तेल विभाजकातून काढलं तरी फेसातली फ्लोरीनयुक्त रसायनं त्यात अडकत नाहीत, ती विरघळून पुढे जातात. त्या खड्ड्याचा निचरा पावसाळी नाल्याला जोडलेला नसावा.

पागोळी

आता कळलं. पण सुनावणीच्या जाहिरातीनंतर ३० दिवसांत आम्ही पावसाळ्याच्या नोंदी आणायच्या कुठून?

बांधउघाडी

जाहिरातीची वाट बघायची नाही. कार्यकक्षा परिवेशवर दिसली की सुरू करा, मसुदा यायला बहुधा एखादा पावसाळा मधे जातो.

तयार असलेलं आधी गोळा करा. पाऊस: हवामान खातं आणि महावेधची (राज्यातली स्वयंचलित हवामान केंद्रं) मंडळनिहाय केंद्रं. नद्यांचे प्रवाह: जलविज्ञान प्रकल्प, नाशिक. विहिरी: भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा वर्षातून चारदा मोजल्या जातात. तुमच्या तालुक्यातल्या मागा. ओढा होता याचा पुरावा: गाव नकाशा, सातबाऱ्यातला पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं टोपोशीट. टोपोशीटवरची निळी रेघ अहवालाच्या नकाशात गायब असेल तर दोन्ही एकाच मापात छापून शेजारी चिकटवा. अधिकारी त्यापुढे गप्प बसतात.

जलमापक

आणि मोजणी फार अवघड नाही. छोट्या झरीला १० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. २५ सेकंदांत भरली तर ०.४ लिटर/सेकंद, दिवसाला ३४,५६० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या.

व्हाळाला पत्र्याची नाहीतर फळीची ९० अंशांची व्ही-खाच. फळी प्रवाहाला काटकोनात, समतल, कडांनी चिकणमाती लिंपून, आणि खाचेखाली पाणी मोकळं पडलं पाहिजे, मागे तुंबता कामा नये. उंची खाचेत मोजायची नाही, तिथे पाणी खाली वाकतं. वरच्या अंगाला किमान उंचीच्या चौपट अंतरावर खुंटी ठोकून तिथे मोजायची. प्रवाह (घनमीटर/सेकंद) = १.३८ × उंची (मीटर) चा २.५ वा घात. ५ सेंमी म्हणजे ०.७७ लिटर/सेकंद, १० सेंमी म्हणजे ४.४. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाचपट होतो, म्हणून अर्ध्या सेंमीची चूकही महागात पडते. भर पावसात ही फळी टिकणार नाही. तेव्हा पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी आखा, दर पुरानंतर चिखलाची रेघ कुठवर चढली त्याचा तारखेसह फोटो घ्या, आणि फोटोत ओळखता येईल असं काहीतरी स्थिर राहू द्या.

नोंदी ऑक्टोबर अखेर, जानेवारी, मार्च आणि मे अशा घेतल्या तर झर कशी उतरते ते दिसतं. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत जोडल्या की त्या 'कोणीतरी केलेल्या' राहत नाहीत.

पागोळी

मापन पट्टीसाठी पूल कोणता धरायचा, धावपट्टीच्या वरचा की खालचा?

जलमापक

दोन्ही. वरचा आधी. मोरी तुंबली की पाणी तिथेच चढणार.